आधी पुस्तक, मग पोर

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं दुधाच्या पिशव्या धूत होतो. आमच्या घरात दुधाची पिशवी कधी कचऱ्यात गेली नाही. प्रमिला ती एका बाजूने कापायची, साबणाने धुवायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची. वाळली की तिचं पुस्तकाला कव्हर. दोन वर्षांचं पोर पुस्तक हातात आलं की आधी चाटतं, मग चावतं, बघतं सगळ्यात शेवटी. नुसता कागद किती टिकणार? म्हणून पिशवी. कात्री माझ्याकडे, सुईदोरा तिच्याकडे. मी एक पिशवी वाकडी कापली तर म्हणाली, "अहो, कंपनीत जन्मभर पत्रा कापलात, एक पिशवी सरळ कापता येईना?"

मी म्हटलं, "पत्रा गप पडून राहतो. ही तुझ्यासारखी आहे, धरली की सुटते."

हसली. दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला. बेडकाच्या पुस्तकाला कव्हर झालं. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो. "जरा पाठ टेकते," म्हणाली. चारला चहासाठी उठवायला गेलो तर उठली नाही.

तिच्या जाण्याबद्दल एवढंच. बाकीचं ती होती त्याबद्दल.

भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी आमची एसआरएची बिल्डिंग, झोपडीच्या बदल्यात मिळालेली. तिसऱ्या मजल्यावर खोली, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. बिल्डिंगमध्ये तिला सगळे मावशी म्हणत. पाळणाघरवाली मावशी. उंचीने एवढीशी, पण आवाज खालच्या रिक्षा स्टँडवर जायचा. गुडघे दुखायचे, म्हणून अंगाला कायम बामाचा वास. पोरांना तो वास इतका सवयीचा की एखाद्याला झोप येत नसली तर तिच्या पदराचं टोक नाकाशी धरून झोपायचं. बोलणं फटकळ. भाजीवाल्याशी भांडण रोजचं, पण त्याच्या घरी कोण आजारी आहे ते फक्त तिला ठाऊक. चिडली किंवा कुणाबद्दल जीव तुटला की तिच्या तोंडून मालवणी यायची. एरवी मुंबईचंच बोलायची.

आधी ती गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होती. बावीस वर्षं उभ्याने काम. कंपनी बंद पडली, मीही पुढे रिटायर झालो. आमची एकुलती मुलगी मीना लग्न करून नाशिकला गेली. रिकामं घर हिला खायला उठायचं. म्हणून पोरं सांभाळायला घेतली. कधी पाच असायची, कधी सहा. सगळी एक ते तीन वर्षांची, सगळ्यांचे आईबाप कामावर.

समोरच्या टॉवरमधली एक आई एकदा चौकशीला आली. चांगली शिकलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड. विचारलं, "मावशी, तुमचा सिलॅबस काय असतो?"

प्रमिला म्हणाली, "सकाळी पेज, दुपारी झोप, संध्याकाळी तुम्ही."

"मी म्हणजे?"

"तुम्ही यायचं, इथे चटईवर बसायचं, पोराला मांडीवर घेऊन एक पुस्तक वाचायचं. वाचलं की पोर न्यायचं. आधी पुस्तक, मग पोर."

"आणि दिवसभर कोण वाचून दाखवतं?"

"कोणीच नाही."

हे खरं होतं. आमच्याकडे पंचवीसेक पुस्तकं होती, स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून निवडून आणलेली. ती दिवसभर कपाटाच्या माथ्यावर. पोरं खालून हात वर करून "पुत्तक, पुत्तक" करायची. ही ढिम्म. "आईचं आहे ते. बाबाचं आहे. ते आले की." बाकी सगळं करायची. गाणी म्हणायची, घोडा व्हायची, गुडघे दुखत असून. पण पुस्तक काढायची नाही म्हणजे नाही. बिल्डिंगमध्ये बायका म्हणायच्या, मावशी अंगठाछाप आहे, म्हणून दुसऱ्यांकडून वाचून घेते. ही ऐकून सोडून द्यायची. नववी पास होती. माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त.

हा नियम पहिल्यापासून नव्हता. तो ज्योतीमुळे आला.

ज्योती बसची कंडक्टर, दिंडोशीच्या डेपोला. माहेर जालन्याकडचं. नवरा टेम्पोवर, चार-चार दिवस बाहेर. तिची आर्वी आमच्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती. सकाळी साडेसहाला ज्योती तिला झोपेतच सोडायची, संध्याकाळी साडेपाचला न्यायची. आर्वी बोलायला लागली आणि घोळ झाला. ती प्रमिलाला आई म्हणायला लागली. ज्योती दारात आली की प्रमिलाच्या मानेला मिठी मारून किंचाळायची. दोन माणसांनी मिळून पोर सोडवावं लागायचं.

प्रमिलाला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? एकदा मला म्हणालीसुद्धा, "बघितलंत? मला सोडीत नाही." तोंडावर एवढा आनंद होता.

एका संध्याकाळी आर्वीने ज्योतीच्या तोंडावर चापट मारली. "जा," म्हणाली. ज्योती बाहेर गेली आणि जिन्यात बसली. खाकी युनिफॉर्म, मांडीवर तिकिटाचं मशीन. हुंदके देऊन रडत होती. प्रमिला तिच्या मागे गेली, मी पाण्याचा तांब्या घेऊन प्रमिलाच्या मागे.

"कित्याक रडतंस गो?"

ज्योती म्हणाली, "मावशी, मी एक तारखेला हिला गावी सोडते. माझ्या आईकडे. इथे काय नि तिथे काय, हिला मी परकीच. निदान माझ्या आईला तरी आई म्हणेल."

प्रमिला तिच्या बाजूला पायरीवर बसली. मग जे बोलली ते मी लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. आमची मीना लहान असताना शेजारच्या काकूंकडे असायची. तिला एकदा ताप आला. प्रमिलाने कंपनीतून धावत येऊन कपाळावर हात ठेवला तर पोरीने तो ढकलला आणि काकूंकडे हात केले. "आई" म्हणून. प्रमिला म्हणाली, "तो हात मी अजून काढला नाही गो कपाळावरनं. ती मोठी झाली, लग्न झालं, फोन करते, सगळं करते. पण तिच्या घरी मी पाव्हणी असते." मग नाक पुसून म्हणाली, "मला एक महिना दे. महिन्याने पोरगी तुझ्याकडे नाही आली तर मीच तिकीट काढून देते जालन्याचं."

त्या रात्री विचार करत बसली नाही. तशी तिची पद्धतच नव्हती. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पोराला मी दिवसभर सगळं देते. म्हणून आई आली तर तिच्याकडे द्यायला काही उरत नाही. एक गोष्ट मी द्यायची बंद करणार."

दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटावर चढली.

पहिला आठवडा वाईट गेला. आर्वी दिवसभर पुस्तकासाठी रडायची. संध्याकाळी ज्योती पुस्तक घेऊन बसली की चौथ्या पानाला तिचाच डोळा लागायचा. दहा तास उभी असलेली बाई, खाली बसली की झोपणारच. आर्वी तिच्या डोक्यात पुस्तक घालायची. मी प्रमिलाला म्हटलं, "अगं, दमलेल्या माणसाला कशाला छळतेस? घरी जाऊ दे तिला."

"दमलेल्या माणसानेच वाचावं," ती म्हणाली. "तो हळू वाचतो."

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ज्योती पेंगत होती, हातात अस्वलाचं पुस्तक. पान उलटायचं तर हात उठेना. आर्वीने तिला गदागदा हलवलं. झोपेतच ज्योतीने हात वर केला, दोरी ओढल्यासारखा केला आणि म्हणाली, "टिंग टिंग! चला पुढे सरका, पुढे जागा आहे. पुढचा स्टॉप अस्वल!" डोळे मिटलेलेच. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ते तिच्या हाडात गेलेलं.

आर्वी बघत राहिली. मग तिने पान उलटलं. पुढच्या पानावर अस्वलच होतं.

ती जी हसली! खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली. ज्योती जागी झाली, तिलाही हसू आवरेना. मग रोज तेच. पान उलटायचं म्हणजे आर्वीने हवेतली दोरी ओढायची, टिंग टिंग. ज्योती ओरडायची, "अस्वल उतरा, कोल्हा चढा! ओ ससेभाऊ, सुट्टे द्या, दारात उभे राहू नका!" पुस्तकात यातलं काही लिहिलेलं नव्हतं. एक पुस्तक संपलं की आर्वी म्हणायची, "पलत." परत.

महिन्याला दोन दिवस बाकी होते. संध्याकाळी आर्वी प्रमिलाच्या मांडीवर बसून केळं खात होती. जिन्यात बूट वाजले. रोज चार बायका त्या जिन्याने यायच्या, पण पोरीने कान टवकारले. केळं प्रमिलाच्या साडीवर टाकलं, मांडीवरून घसरली आणि दाराकडे पळत सुटली. "आई! टिंग टिंग! टिंग टिंग!" ज्योती दारात गुडघ्यांवर बसली आणि पोर जाऊन तिच्या गळ्यात पडलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

प्रमिला स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडत असेल. बघतो तर साडीवरचं केळं पुसत होती.

"सुटली एकदाची," म्हणाली. "जालना रद्द." आणि माझ्याकडे बघून, "तोंड काय बघता? साखर संपली आहे. घेऊन या. आज शिरा करणार."

त्या दिवशी बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या घरी शिरा गेला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

मग नियम सगळ्यांनाच लागू झाला. भांडणं झाली. एक बाप म्हणाला, "मावशी, हे काय पोलीस स्टेशन आहे का, सही केल्याशिवाय सोडत नाही?" टॉवरमध्ये नवीन प्लेस्कूल निघालं, तिथे मोबाइलवर पोर दिवसभर दिसायचं. आमच्याकडची दोन पोरं तिकडे गेली. मी म्हटलं, जरा सैल सोड. म्हणाली, "तिकडे पोर आईला दिसतं. इकडे आई पोराला दिसते. ज्याला जे पाहिजे ते घ्या." दोनातलं एक पोर तीन महिन्यांनी परत आलं.

सुनील नावाचा एक लिफ्टचा मेकॅनिक होता. त्याचा विहान दीड वर्षाचा. सुनीलचं आणि अक्षरांचं जमायचं नाही. चार लोकांत वाचायचं म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल. पहिल्या दिवशी हळूच म्हणाला, "मावशी, मला सोडा यातून. मी नुसती चित्रं दाखवतो."

"वाच म्हटलं कुणी तुला? पोराला मांडीवर घे आणि सांग काय दिसतं ते."

सुनील बसला. घसा साफ केला. "हे बघ विहान. हा हत्ती. ही त्याची पुढची पाइप. ह्याने पाणी खेचायचं आणि प्रेशरने मारायचं. हे चार खांब, लोड यांच्यावर येतो. मागे ही छोटी वायर, तिचं काही काम नाही, हलत राहते." पोर तोंड उघडं टाकून ऐकत होतं. शेजारच्या आईचं तिच्या पोराला वाचून दाखवायचं थांबलं, ते पोरही इकडेच बघत होतं.

त्या आईने नंतर तक्रार केली. "मावशी, तो चुकीचं शिकवतो. लिहिलंय सोंड."

प्रमिला म्हणाली, "लिहिलेलं अख्खी शाळा शिकवील गो. त्याच्या बापाचं कोण शिकवणार?"

गणपतीत विहानने भर मंडपात बाप्पाच्या सोंडेकडे बोट करून विचारलं, "बाबा, पाइप लीक?" सुनीलने पोराला खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना सांगत सुटला, माझ्या पोराने विचारलं, माझ्या पोराने विचारलं. त्याच सुनीलने पुढच्या वर्षी एक दिवस पुस्तकातली एक अख्खी ओळ बोट ठेवून वाचली. प्रमिलाने शाबास म्हटलं नाही. नुसता चहा आणून पुढ्यात ठेवला. बाकी कुणाला चहा नसायचा.

आता माझी चूक सांगतो. एकदा प्रमिला दुपारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली. पोरं माझ्यावर. एक रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं, मग सगळी. माझी वाट लागली. काय करणार? कपाटावरून नवीन आलेलं वाघाचं पुस्तक काढलं आणि आवाज काढून वाचलं. पोरं गप्प. मलाही झकास वाटलं. संपलं, परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. ती आली तेव्हा सगळी झोपली होती. मला वाटलं, मेडल मिळेल.

संध्याकाळी ज्योती आली. नवीन पुस्तक म्हणून खुशीत उघडलं. आर्वीने हाताने बंद केलं. "झालं. आजोबा वाचलं." आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. ज्योतीने पुस्तक तसंच मांडीवर धरलं. जिन्यात बसली होती त्या दिवशी होतं तसं तोंड झालं तिचं.

सगळे गेल्यावर प्रमिला म्हणाली, "किती वेळा वाचलंत?"

"एकदा. म्हणजे, तीनदा."

"दुसऱ्याच्या डब्यातलं खाता? लाज नाही वाटली?"

"अगं पोरं रडत होती."

"रडू देत. ती पोरगी दिवसभर बसमध्ये धक्के खाते, कशासाठी? ह्या पंधरा मिनिटांसाठी. ती तुम्ही दुपारी दोन वाजता खाल्लीत."

मी पण चिडलो. म्हटलं, "तुला वाचायला येत नाही असं लोक म्हणतात ते बरोबर आहे. आवडच नाही तुला."

तिने वाघाचं पुस्तक उचललं आणि भिंतीला टेकून वाचायला लागली. कधी वाघ व्हायची, कधी शेळी. शेळीचा आवाज असा काढला की माझ्या अंगावर काटा आला. सत्तरीचा माणूस मी, पुढे काय होतं ते तीनदा वाचून माहीत असलेला, हातातला चहा गार होईपर्यंत ऐकत बसलो. वाचून झालं. तिने पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं.

"इतकं आवडतं मला," म्हणाली. "एकदा वाचून दाखवलं ना, तर ही सगळी पोरं माझी होतील. म्हणून वाचत नाही."

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. निरोप पोरांमार्फत. "विहान, आजोबांना सांग, भात वाढलाय." ही त्या गणपतीच्या आधीची गोष्ट, विहानला तेव्हा बोलताही येत नव्हतं. तो नुसता येऊन माझ्या लेंग्याला लटकायचा.

शनिवारची संध्याकाळ, म्हणजे तिच्या जाण्याच्या आदल्या दिवसाची. पाच पोरं होती, पाचांचेही आईबाप एकाच वेळी आले. अख्खी चटई भरली. कुणी वाघ, कुणी बेडूक, ज्योतीची घंटा, सुनीलची पाइप. एवढा कालवा की कुणाचं कुणाला कळू नये, पण प्रत्येक पोराला फक्त आपल्याचं ऐकू येत होतं. प्रमिला घरात नव्हती. बघतो तर बाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती, दाराकडे पाठ करून.

मी म्हटलं, "आत बस की. गुडघे धरतील."

"मी दिसले की पोरं उठून येतात. इथेच बरी."

मी दारात उभा राहिलो. आत पोरं खदखदून हसली. तिचे हात तांदळात थांबले. मान किंचित तिरकी झाली, एक कान दाराकडे. पाठीवरून कळत होतं की हसते आहे. मग परत खडे वेचायला लागली. ती माझ्या डोळ्यांपुढे आहे ती अशी, पाठमोरी.

रविवारी संध्याकाळी तिला नेलं. मीना पोचली तेव्हा सगळं आवरत आलं होतं. घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. माझ्या भावजयीने सगळी सूत्रं हातात घेतली. तेरा दिवस सुतक, पाळणाघर बंद. मीनाने पुठ्ठ्यावर तसं लिहून दाराला लावलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला ज्योती आली. युनिफॉर्म नव्हता, साध्या कपड्यात होती. खांद्यावर आर्वी झोपलेली, हातात पिशवी. माझ्या पाया पडली. रडून रडून आवाज बसलेला.

"काका, मी सुट्टी टाकली आहे. हिला घेऊन दुपारच्या गाडीने जालन्याला चालले. आईकडे ठेवते. आता दुसरं कोण आहे इथे?"

माणूस गेल्यावर लोक काहीबाही बोलतात, मला तसं सुचत नाही. तिच्या खांद्यावरून आर्वीला उचलून घेतलं. झोपेत जड झालेली.

"युनिफॉर्म घाल," मी म्हटलं. "ड्युटीवर जा."

"काका?"

"साडेपाचला ये. पोरगी इथे असेल."

भावजय आतून धावत आली. "भावोजी, काय करता? सुतक आहे घरात. दुसऱ्याचं पोर घ्यायचं?"

"सुतक माझं आहे. पोराचं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कामावर गेले असतील."

मीना दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग आर्वीकडे. दारावरचा पुठ्ठा काढला आणि उलटा करून भिंतीला लावून ठेवला. ज्योती पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागली. खाली जाता जाता पळायला लागली, ड्युटीची बस चुकेल म्हणून.

त्यानंतर सुनील आला, मग बाकीचे. सगळे हात जोडून, मान खाली घालून, पोर परत न्यायच्या तयारीने. मी एकेक पोर हातातून काढून घेतलं आणि एकेकाला कामावर हाकललं. पाच पोरं. त्या दिवशी एकाही आईबापाची सुट्टी पडली नाही.

आर्वी जागी झाली. चटईवर बसून डोळे चोळले. उठून स्वयंपाकघरात गेली, मोरीत वाकून बघितलं, पॅसेजमध्ये जाऊन आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी?"

"आजी गेली," मी म्हटलं. "भूक लागली?"

तिने मान हलवली.

मी स्वयंपाकघरात गेलो. भावजय दारात आडवी आली, मग बाजूला झाली. निवडलेला तांदूळ डब्यात होता, तो दोनदा धुतला. गॅस पेटवला आणि पाच जणांची पेज टाकली.